सायलेन्सरवाल्यांचे संस्कारवर्ग

नवी मोटरसायकल घेणाऱ्याला सल्ला शोधत फिरावं लागत नाही. हँडलला झेंडूचा हार पडतो न पडतो, चाकाखालचं लिंबू अजून फुटायचं असतं, तोवर एक 'सीनिअर रायडर' हजर. दाढी छातीपर्यंत, अंगात बिनबाह्यांचं कातडी जाकीट, पाठीवर भरतकामातली कवटी. मे महिन्यात. पुण्यात. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गाडी चालवणं वेगळं आणि राईड करणं वेगळं." म्हणजे दूधवाला चालवतो, कुरिअरवाला चालवतो, पहाटे मिरचीची दोन पोती बांधून मार्केट यार्ड गाठणारा शेतकरीही नुसती चालवतो. हे राईड करतात. फरक काय? तर हे रविवारी जातात आणि पोचल्यावर काहीही काम करत नाहीत.

मग सुरू होतो संस्कारवर्ग. हेल्मेट कुठलं, बूट कुठले, ग्रुपमध्ये कुणाच्या मागे कुणी राहायचं, कुणाला हात करायचा, कुणाला करायचा नाही. एवढी सोवळ्याओवळ्याची यादी माझ्या आजेसासूबाईंकडेही नव्हती, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन जिवंत परत आलेली माणसं थोडी.

या वर्गाला मला प्रवेश नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडे स्कूटर आहे. ११० सीसी, पुढे पाय ठेवायला सपाट जागा, आणि त्या जागेत दळणाचा डबा व्यवस्थित बसतो. ब्रदरहुड नावाच्या वाड्यात स्कूटरला अंगणातही थारा नाही. शंभर-सव्वाशे सीसीवाला ओटीवर, दीडशे-दोनशेवाला माजघरापर्यंत, साडेतीनशे झाले की देवघर, आणि हजाराच्या पुढे तुम्ही स्वतःच देव. गंमत अशी, की देवघरातल्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटची ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास असते, आणि माजघरात थांबवलेली दोनशे सीसीची पल्सर एनएस चोवीसच्या आसपास देते. पण ताकद मोजून का कुठे पंक्तिप्रपंच चालतो? माणूस तोच, हात तेच, अक्कल होती तेवढीच. सिलिंडरचं आकारमान वाढलं की मोक्ष जवळ आला.

आता या पोथीतला पहिला अध्याय: हात करणं. समोरून दुसरा रायडर आला की डावा हात हँडलवरून काढायचा, मांडीच्या बाजूला खाली सोडायचा आणि दोन बोटं जमिनीकडे रोखायची. नव्या पोराला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. आरशात बघायला मागाहून, शिकवलं तर.

जरा भूमिती करू या. हा नमस्कार अमेरिकी आहे. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून समोरचा जातो तो तुमच्या डाव्या अंगाने. मोटरसायकलचा अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या मुठीत. डावीत क्लच, आणि सरळ मोकळ्या रस्त्यावर क्लचला फारसं काम नसतं. तेव्हा रिकामा हात आणि समोरचा माणूस दोघंही एकाच बाजूला. सोयीचं आहे, तर्कशुद्ध आहे, त्यांचं त्यांना लखलाभ. आपण चालतो डावीकडून. समोरचा जातो उजव्या अंगाने. म्हणजे आपला वीर ज्या हाताने बंधुभाव प्रकट करतो, तो हात असतो रस्त्याच्या कडेला. आणि त्या हाताच्या व समोरच्या बंधूच्या मध्ये पेट्रोलची टाकी आणि वीराचं स्वतःचं पोट, दोन्ही भरलेली. नमस्कार पोचतो तो मैलाच्या दगडाला. नाहीतर म्हशीला. म्हैस समंजस असते, ती उलट हात करत बसत नाही.

इंग्लंडातही आपल्यासारखंच डावीकडून चालतात. तिथल्या मोटरसायकलवाल्यांनी हा गहन प्रश्न कसा सोडवला? मान हलवून. संपलं. फ्रान्समध्ये मोटारवाल्याने बाजू दिली, की पुढे जाताना उजवा पाय जरासा बाहेर काढून आभार मानायची पद्धत आहे. दोन्ही हात हँडलवर राहतात. आपल्याकडे कुणी पाय बाहेर काढला तर लोकांना वाटतं ब्रेक गेला, आणि बऱ्याचदा खरंच गेलेला असतो. पण नक्कल करायची तर निदान रस्त्याची बाजू बघून तरी करा! ज्यांना डावं-उजवं कळत नाही, ते नवशिक्याला वळण लावायला निघालेत.

बरं, आपल्याकडे दुचाकीचा शिष्टाचारच नव्हता, म्हणून बाहेरून आणावा लागला असंही नाही. तो आहे, आणि भलता जोरकस आहे. सिग्नल सुटतो, तुम्ही निघता, आणि मागून अनोळखी आवाज येतो: "ओ दादा, स्टँड!" साइड स्टँड खाली राहिलाय. डावं वळण आलं असतं तर तो जमिनीला टेकून तुम्ही थेट गटारात गेला असता. तुम्ही वळून बघेपर्यंत सांगणारा पुढे निघून गेलेला. आभार नको, दोन बोटं नकोत, ओळख नको. "ताई, ओढणी!" हा दुसरा मंत्र. मागच्या चाकात ओढणी किंवा पदर जाणं ही काय चीज आहे हे ज्याने एकदा बघितलंय, तो पुढच्या आयुष्यात प्रत्येक लोंबत्या कापडावर ओरडतो. "काका, इंडिकेटर!" हा तिसरा, कारण काकांनी कोथरूडला चालू केलेला इंडिकेटर स्वारगेटपर्यंत टिकटिकत असतो आणि मागचे सगळे काकांच्या वळण्याची आशा धरून असतात. सांगणारा स्वतः राँग साइडने येत असतो, हेल्मेट कोपरात अडकवलेलं असतं, गाडीवर तिघं असतात. पण स्टँड म्हटलं की त्याचा धर्म जागा होतो. जात नाही विचारत, सीसी नाही विचारत.

या शिष्टाचारातला एकच मंत्र कालबाह्य झाला, तोही सरकारी कृपेने. दिवसा हेडलाइट चालू दिसला की लोक बोटं मिटून-उघडून खूण करतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो. तो विझवायचं बटणच नाही. तरी अजून रोज कुणीतरी कनवाळू माणूस मला खूण करतोच. मी मान डोलावते. त्याला समाधान मिळतं, मला करमणूक.

गोव्यात जा. तिथे 'पायलट' असतात. काळ्या गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं, आणि दुचाकीवर प्रवासी नेण्याचा रीतसर परवाना. मुंबई-पुण्यात बाइक टॅक्सी असावी की नसावी यावर आपली डोकी आत्ता तापली. गोव्याचे पायलट दशकानुदशकं माणसं पोचवताहेत. मागे कोण बसलंय, म्हातारी आहे की पोटुशी आहे, पिशवीत मासळी आहे की अंडी, हे बघून गाडी हाकणारी ही माणसं. त्यांच्यातला एकही मला 'राईड ही एक साधना आहे' असं सांगायला आलेला नाही. साधना करणाऱ्याला सुटे पैसे परत द्यावे लागत नसावेत.

आता मागे बसणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर साडीगार्डकडे येऊ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं आवरण, ज्यात कपडा गुंतू नये. कारकुनी भाषेतला हा नियम. पण एवढा आपल्या मातीतला नियम दुसरा सापडणार नाही. कुणीतरी सरकारी माणसाने नऊवारी, पाचवारी, ओढणी, धोतर असा सगळा संसार डोळ्यांपुढे आणून तो लिहिला असणार. नवी गाडी घरी आली की रायडर पहिल्या आठवड्यात काय करतो? साडीगार्ड काढतो. का, तर 'लूक' जातो. कंपनीच्या इंजिनिअरांनी डिझाइन केलेला लूक आईच्या पदरामुळे जातो, हे सौंदर्यशास्त्र भरतमुनींनाही सुचलं नव्हतं. त्यानंतर आरसे जातात. मागे वळून बघावं असं आयुष्यात काही घडलेलं नसावं. मग नंबरप्लेट वाकते, आणि ४१४१ या आकड्यांना वळणं देऊन 'दादा' तयार होतो. उरतं काय? इंजिन, दोन चाकं आणि दादा.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र सीनिअरला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत, आणि मी देते. तो घालतो. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा या विद्वान शहरातून तिच्या विरोधात मोर्चा निघाला होता. स्वतःचं डोकं शाबूत ठेवण्याची सक्ती नको, असा तो बाणेदार लढा. त्या मोर्च्याच्या शहरात कुणी हौसेने हेल्मेट घालत असेल तर टाळ्या. पण टाळ्या वाजवता वाजवता मागच्या सीटकडे बघा. पुढच्या डोक्यावर इटालियन हेल्मेट, किंमत एका सेकंडहँड स्कूटरएवढी, आत ब्लूटूथ. मागे बायको, तिच्या डोक्यावर फुटपाथवरून घेतलेली प्लास्टिकची वाटी, पट्टा तुटलेला, वर आयएसआयचं स्टिकर, आणि ते स्टिकर हीच तिच्यातली सर्वांत मजबूत गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लावायला सांगतं. पुढच्या डोक्याला वेगळं आणि मागच्या डोक्याला वेगळं असं त्यात काही नाही. देशात २०२२ साली हेल्मेट नसल्याच्या सदरात ५०,०२९ माणसं मेली असं सरकारी अहवाल सांगतो. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. ब्रदरहुडमध्ये सिस्टर-इन-लॉची व्यवस्था काय, कुणी विचारलंय का?

आणि आता सायलेन्सर. खरं म्हणजे मला एवढ्यासाठीच लिहायचं होतं. बाकीचं तोंडी लावणं.

आमच्या गल्लीत एक नर्सिंग होम आहे, वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, जिथे एमपीएससीची पोरं पहाटेपर्यंत पंचायत राज घोकत असतात. या दोन्ही वास्तूंसमोरून रात्री साडेअकराला एक बुलेट जाते. जाते म्हणजे काय, तोफांची सलामी घेत जाते. कंपनीने बसवलेला सायलेन्सर काढून तिथे पोकळ नळी बसवलेली. कारखान्यातून निघताना १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला ८० डेसिबलच्या आत राहावं लागतं. एवढ्या मर्यादेत बसवायला शहाणी माणसं वर्षानुवर्षं डोकं खपवतात, आणि मग कोपऱ्यावरचा गॅरेजवाला अर्ध्या तासात त्यांचं शास्त्र भंगारात काढतो. कायद्याच्या ५२ व्या कलमाने असे फेरफार करायला बंदी आहे. पोलीस अधूनमधून जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. मी हे दृश्य वर्तमानपत्रात दोनदा बघते. एकदा बातमी म्हणून आणि एकदा नुसतं सुख म्हणून.

पण सीनिअरकडे याचंही तत्त्वज्ञान तयार असतं. "मोठा आवाज जीव वाचवतो." हेही अमेरिकेतूनच आयात. म्हणणं असं, की मोटारवाल्याला आपण दिसत नाही, निदान ऐकू तरी येऊ. ऐकायला बिनतोड वाटतं ना? आता त्याच अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजलिसमध्ये मोटरसायकलच्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. अहवाल १९८१ चा. त्यात निघालं, की तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका होता स्वाराच्या समोर, नाकाच्या रेषेपासून डावी-उजवीकडे ४५ अंशांत. आणि नळकांडं कुठे तोंड करून असतं? मागे. म्हणजे जो तुम्हाला आडवा येणार आहे त्याच्यापर्यंत गोंगाटातला उष्टा-खरकटा भाग पोचणार, आणि ज्याला तुम्ही आधीच ओलांडून गेलात त्याच्या कानठळ्या बसणार. नर्सिंग होममधलं तान्हं पोर तुमच्या समोर गाडी आडवी घालणार होतं का?

याहून मोठा विनोद पुढे आहे. हेच सीनिअर नवशिक्याला लांबच्या प्रवासात कानांत बोळे घालायला सांगतात. वाऱ्याच्या आवाजाने श्रवणशक्ती कमी होते म्हणे. सल्ला खरा आहे. पण बघा, माणूस पैसे देऊन आवाज वाढवतो, मग पैसे देऊन आपल्या कानांत बोळे घालतो, आणि उरलेला आवाज फुकट वाटतो. परोपकाराची एवढी शुद्ध योजना सहकार खात्यालाही जमली नसती.

त्या हर्टच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र हे सांगत नाहीत. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के लोक आपले आपणच शिकलेले, नाहीतर घरच्यांकडून आणि मित्रांकडून. म्हणजे सीनिअरकडून! आपल्याकडे काय वेगळं आहे? आरटीओच्या मैदानावर पाय न टेकवता आठचा आकडा काढला की परवाना हातात, आणि तिथून पुढे नियमांशी छत्तीसचा. पुढचा ब्रेक किती दाबायचा, ओल्या रस्त्यावर पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर चाक का घसरतं, बसच्या डाव्या अंगाला का शिरू नये, थांबलेल्या एसटीच्या पुढून माणूस हमखास कसा निघतो, हे शिकवायला कुणाकडे वेळ आहे? दोन बोटं किती अंशांत धरायची ते आधी शिका.

लडाखचा उल्लेख न करता हा विषय संपवला तर मंडळी रागावतील. ब्रदरहुडमध्ये उपनयन वगैरे काही नसतं, लडाख असतं. "लडाख केलंस का?" असं विचारतात, चारधाम केल्यासारखं. केलेल्याच्या गाडीवर खार्दुंग ला खिंडीचं स्टिकर असतं: उंची १८,३८० फूट, जगात सर्वांत उंच. मोजणाऱ्यांच्या हिशेबाने खिंड १७,५८२ फुटांच्या आसपास आहे. आठशे फूट हवेतले. पण श्रद्धेत फूट मोजायचे नसतात. परतल्यावर वर्षभर हँडलला रंगीत तिबेटी पताका फडकतात, ज्यांवरच्या मंत्रातलं एक अक्षर लावणाऱ्याला वाचता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना पेट्रोलचे रिकामे कॅन लटकलेले असतात. पौड रस्त्यावर. जिथे दर दोन किलोमीटरला पंप आहे.

बरं, तिथे वर रस्ता होता कसा? सीमा सडक संघटनेने केलेला. झारखंडहून आलेले मजूर, तोंडाला फडकी बांधून, डांबराच्या धुरात, श्वास पुरत नाही अशा उंचीवर दगड फोडत असतात. शेकडो 'बंधू' त्यांच्या शेजारून धूळ उडवत जातात. समोरून येणाऱ्या अनोळखी बुलेटला हात होतो. फावडं घेतलेल्या माणसाला होत नाही. त्याची सीसी किती, सांगा बरं?

आणि मग ती ग्रुप राईड. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात शर्यतीच्या निमित्ताने मोटरसायकलवाल्यांनी धिंगाणा घातला. 'लाइफ' मासिकात बाटल्यांच्या ढिगाऱ्यात गाडीवर रेललेल्या एकाचा फोटो आला. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' आला, आणि कातडी जाकिटातला बंडखोर जगभर विकायला निघाला. तो हिंजवडीत पोचला तेव्हा त्याचं काय झालं बघायचंय? रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकाजवळ जा. कवट्या शिवलेले पंचवीस-तीस बंडखोर ओळीत उभे. हजेरी चालू आहे. 'रोड कॅप्टन' सूचना देतोय. सर्वांत पुढे 'लीड', शेवटी 'स्वीप', मध्ये 'मार्शल'. नव्या पोराने लीडच्या पुढे जायचं नाही, गेला तर पुढच्या राईडला बंदी. आमच्या सोसायटीच्या उपविधीत पाण्याच्या मीटरवर दोन पानं आहेत. या आउटलॉ मंडळींच्या नियमावलीपुढे ती उपविधी म्हणजे अराजक.

एक मागे, एक पुढे, नागमोडी अंतर ठेवून चालण्याची त्यांची पद्धत मुळात शहाणपणाची आहे. प्रत्येकाला थांबायला जागा मिळते, खड्डा दिसतो. पण त्याच पद्धतीत असंही सांगितलंय, की वळणावळणाच्या रस्त्यावर एकामागे एक व्हा. घाट लागला की नेमकी तीच ओळ विसरली जाते, कारण वरून ड्रोनमध्ये एकेरी रांग बरी दिसत नाही. साताऱ्याहून परत येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. बोगद्यात शिरताच तीसही जण क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर पिळतात. कशासाठी? प्रतिध्वनी ऐकण्यासाठी. मुलं दोन वर्षांची असताना विहिरीत तोंड घालून हेच करतात, पण ती शेजारून जाणाऱ्या एसटीतल्या म्हातारीच्या छातीत धडकी भरवत नाहीत.

आणि मार्शल! फाट्यावर हा गाडी आडवी लावून उभा राहतो, हात पसरतो आणि वाहतूक थांबवतो. उसाचा ट्रॅक्टर थांबतो. एसटी थांबते. आठवडेबाजाराला निघालेली बाई डोक्यावर पाटी घेऊन थांबते. कुणासाठी? तर तीस जण मिसळीच्या दुकानासमोर एकदम पोचावेत, फोटोत तुटक दिसू नयेत. कुठल्या कलमाखाली हा अधिकार मिळाला, असं मी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, सेफ्टी." सुरक्षितता कुणाची, हे विचारायला वेळ मिळाला नाही, स्वीप आला आणि दोघंही गेले, डावा हात खाली सोडून. बाजारच्या बाईने पाटी सावरली आणि एक शब्द वापरला. तो मी इथे छापत नाही, पण त्यात अर्थाची भर घालण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७, म्हणजे जवळजवळ निम्मी. म्हणूनच नवशिक्याला शिकवण्याची गरज नाही असं म्हणायला मी वेडी नाही. गरज आहे आणि मोठी आहे. पण त्याच यादीत पायी चालणारे ३२,८२५ आहेत. त्यांना या साऱ्या शिष्टाचारात कुठल्या पानावर जागा आहे? संपूर्ण संस्कारवर्गात रायडरने रायडरशी कसं वागावं हे आहे. रायडरने क्लबशी, कॅप्टनशी, स्वतःच्या जाकिटाशी कसं वागावं हे आहे. झेब्रा पट्ट्यांवर चाक घालून उभं राहू नये, पावसात डबक्यातून जाताना शाळेच्या गणवेशाकडे बघावं, फुटपाथ हा सिग्नल चुकवण्याचा पर्यायी मार्ग नव्हे, रात्री गल्लीत शिरताना गिअर टाकून हळू यावं, हे नाही. एवढा वक्तशीर, एवढा काटेकोर, एवढा फॉर्म भरून घेणारा समाज, आणि रस्त्यावर आपल्याखेरीज माणसं आहेत हा मुद्दा अजेंड्यावरच आलेला नाही!

फॉर्मवरून आठवलं. राईडला येणाऱ्याकडून हे हमीपत्र लिहून घेतात. एका भाच्याने आणलं होतं, मी आवडीने वाचलं. नाव, रक्तगट, विम्याचा क्रमांक, आपत्कालीन संपर्क, आणि खाली ठळक अक्षरांत: माझ्या जिवाला मी स्वतः जबाबदार आहे. फारच छान. दुसऱ्याच्या जिवाला कोण, त्याला रकाना नव्हता. भाचा म्हणाला, "मावशी, बंडखोर लोक आहेत ते." मी म्हटलं, "अरे, बंडखोर आहेत तर खालची सही तीन प्रतींत कशाला हवी?"

तर कॅप्टन, पुढच्या रविवारच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा. वाटेत लागणाऱ्या गावांची नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढे तिथल्या सरपंचाची, हेडमास्तरांची आणि फाट्यावरच्या बाजारच्या बाईची सही आणा, की तुमच्या तीस नळकांड्यांना त्यांची हरकत नाही. बाईची सही मिळवायला जाताना हेल्मेट काढू नका. आणि सह्या नाहीच मिळाल्या तर मन लहान करू नका, मिसळ घरीही मागवता येते. घेऊन येणारा पोरगा शंभर सीसीवर येईल. त्याला एकदा 'ब्रदर' म्हणून बघा. तो पाच स्टार मागेल.